विचारले तरच बोलतो मी

मी एक जुना सर्व्हर आहे. मित्रांनो, आमच्या भाऊबंदांबद्दल तुम्ही आजवर बहुधा एकच वाक्य ऐकले असेल: "सर्व्हर डाउन आहे." हे वाक्य ज्याने शोधून काढले त्याच्यावर माझा अजूनही राग आहे, आणि तो का, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

मी जन्मलो तेव्हा साधा संगणक होतो. राखाडी पत्र्याचा डबा, आत हिरवी पाटी, त्या पाटीवर नखाएवढा मेंदू आणि तो तापू नये म्हणून दोन पंखे. सर्व्हर हे माझे नाव नाही, ते माझे काम आहे. दाखले देणाऱ्या एका कार्यालयात मला ते काम पहिल्यांदा मिळाले. दहा खिडक्यांवरचे दहा संगणक मला माहिती विचारत आणि मी ती शोधून देई. तिसऱ्या खिडकीवरच्या कारकुनाने मात्र एक पुठ्ठ्याची पाटी करून ठेवली होती. चहाची वेळ झाली की तो ती काचेला टेकवून निघून जाई. पाटीवर काय लिहिले होते ते तुम्ही ओळखलेच असेल. मी आत दोन्ही पंखे गरगरवीत राबत असे आणि बाहेर रांगेतली माणसे माझ्या नावाने बोटे मोडत असत. सात वर्षे मी हे ऐकून घेतले. मग नवा सर्व्हर आला आणि माझी रवानगी मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत झाली. तिथे दोन वर्षे मला कोणी विचारले नाही.

हा "विचारणे" शब्द लक्षात ठेवा. माझी सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच फिरते.

एके दिवशी कार्यालयातले भंगार निघाले. संगणक दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी मला त्यातून उचलले, स्कूटरवर पायांपाशी उभे केले आणि थेट एका शाळेत नेले. ती ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा होती. काकांची भाची तिथे आठवीत होती. मला वाटले, चला, म्हातारपणी शांतता तरी लाभेल. कसली शांतता! ही मुले एकमेकांना हाक मारायची तर लाकडी जमिनीवर पाय आपटतात. बाके ओढतात, दारे धाडकन लावतात, कारण त्या आवाजाचा त्यांना काही त्रास नसतो. तास संपला की घंटेऐवजी भिंतीवरचा लाल दिवा उघडझाप करतो. मला त्या दिव्याखालच्या लहान खोलीत ठेवले होते आणि दिवसातून आठ वेळा मी लालेलाल होत असे.

मला तिथे बोलावून घेतले होते खुणांची भाषा शिकवणाऱ्या बाईंनी. त्या शाळेत प्रत्येकाला हातांनी घ्यायचे एक नाव असते. काकांच्या भाचीच्या गालाला खळी पडते, म्हणून गालावर बोट टेकवले की झाले तिचे नाव. आपणही तिला खळीच म्हणू. बाईंचा चष्मा सारखा नाकावरून घसरायचा आणि त्या तो एका बोटाने वर सरकवायच्या. म्हणून नाकावर बोट ठेवून वर ढकलले की ते बाईंचे नाव. शाळेतल्या सगळ्या मुलांनी ते मिळून ठेवले होते आणि बाईंना ते मनापासून आवडत असे.

पहिल्याच दिवशी बाईंनी काकांना आपला उजवा हात दाखवला. करंगळी हलके हलके थरथरत होती.

"डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचा हात थरथरला तर फार तर चहा सांडेल. माझा हात हलला की शब्दच बदलतो हो. तीस वर्षांत जमवलेले शब्द आहेत. किती तरी या पोरांनीच मला शिकवलेत, ते कुठल्याच पुस्तकात नाहीत. हे हात मला कुठंतरी जपून ठेवायचेत, काका."

"ठेवू की," काका म्हणाले. "हा आहे ना." आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी होती.

मग माझी नव्याने घडण सुरू झाली. काकांनी माझ्यात आधी लिनक्स घातले. सगळा कारभार सांभाळणारी ही प्रणाली कोणालाही घेता येते, उघडून बघता येते. त्यावर अपाची नावाचा वेब सर्व्हर बसवला. बाई शेजारी स्टुलावर बसून सगळे विचारत होत्या, तेव्हा काकांनी त्यांना समजावले, "याला पंगतीतला वाढपी समजा. घरी बसलेल्या मुलाच्या फोननं मागितलं, 'पाणी शब्दाचं पान द्या,' की हा ते उचलून वाढतो. पण मागितल्याशिवाय वाढायचं नाही. कोणी विचारलं तरच बोलायचं, असा याचा स्वभाव."

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखा," बाई म्हणाल्या आणि दोघेही हसले.

शाळेचे शिपाईमामा दारात उभे होते. त्यांनी "सर्व्हर" हा शब्द आपल्या सोयीने ऐकला आणि त्या दिवसापासून मी "सर" झालो. "सरांच्या खोलीत पाण्याच्या बाटल्या न्यायच्या नाहीत," असे ते सगळ्यांना बजावत. कार्यालयात सात वर्षे शिव्या खाल्लेल्या मला सर म्हणवून घेताना काय वाटले असेल, ते तुम्हीच समजून घ्या.

व्हिडिओचे काम साध्या पानापेक्षा अवघड असते, मित्रांनो. लिहिलेले पान म्हणजे चिठ्ठी, व्हिडिओ म्हणजे भरलेले पोते. म्हणून काकांनी प्रत्येक व्हिडिओच्या तीन प्रती करणारा प्रोग्रॅम बसवला: शाळेच्या मोठ्या पडद्यासाठी मोठी, बऱ्या इंटरनेटसाठी मधली आणि जिथे ते थेंब थेंब येते त्या घरांसाठी अगदी हलकी. शिवाय व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करून ते एकामागून एक पाठवायचे. पुढचा तुकडा वेळेवर पोचला नाही, तर पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहते. इतर ठिकाणी माणसे त्यावर नुसती चरफडतात. इथे मात्र खूण अर्ध्यात अडली, तर मूल चुकीचा शब्द शिकेल. म्हणून मी तुकडे पाठवताना एवढी काळजी घेत असे, जेवढी मी दाखले देताना कधी घेतली नव्हती.

माझ्यात दोन डिस्क होत्या. लहान डिस्कवर माझा कारभार आणि माझी नोंदवही, म्हणजे कोणी काय मागितले, मी काय दिले, कुठे काय दुखले याची रोजची डायरी. मोठी डिस्क काकांच्या दुकानातली, वापरलेली. ती फक्त बाईंच्या शब्दांसाठी.

"आणि हे बिघडलं तर?" बाईंनी विचारले.

"नक्कल ठेवतो ना," काका म्हणाले. त्यांनी "सुरक्षित" नावाचा एक कप्पा केला आणि दर शनिवारी सगळे शब्द त्यात आपोआप उतरतील अशी सोय केली. तो कप्पा होता त्याच मोठ्या डिस्कवर. "तात्पुरतं इथंच असू दे," ते स्वतःशीच पुटपुटले, "पुढच्या आठवड्यात वेगळी डिस्क आणतो."

तो पुढचा आठवडा कधी उजाडलाच नाही. कप्प्याचे नावच असे होते की वाचणाऱ्याला धीर यावा.

बाई रोज दुपारी खिडकीपाशी निळा पडदा लावून कॅमेऱ्यासमोर उभ्या राहत. पाणी. दार. रुसणे. उद्या. चुलत बहीण. खूण झाली की त्या सवयीने चष्मा वर सरकवीत, आणि खळी कॅमेरा थांबवी. अकरा महिन्यांत अकराशे चाळीस शब्द झाले. एकदा पहिलीतले एक चिमुरडे तहान लागली म्हणून बाईंकडे आले, त्याने "पाणी"ची खूण केली आणि लगेच नाकावर बोट ठेवून वर ढकलले. पाठोपाठ दुसऱ्याने "दार" म्हटले, पुन्हा नाकावर बोट. चष्मा सरकवणे हासुद्धा शब्दाचाच भाग आहे, असे माझ्याकडून शिकलेल्या बारक्यांना वाटत होते. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मोठ्या मुलांनी बारक्यांची पुष्कळ चेष्टा केली आणि खळीने त्यांना नीट समजावून सांगितले की ते बाईंचे नाव आहे, शब्द नाही.

त्या दिवसांत माझे कौतुकही झाले. एका आईला खुणा येत नव्हत्या. तिचे लेकरू घरी एकसारखे कानामागे हात नेऊन रडे आणि तिला वाटे, हट्ट करतेय. तिने फोनवर माझ्याकडे एकेक शब्द मागितला. भूक, भीती, झोप. चौदावा शब्द "ठणका" होता. तो तिने तीनदा पाहिला आणि मुलाला घेऊन दवाखाना गाठला. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली, बाईंचे दोन्ही हात आपल्या हातात धरून नुसती उभी राहिली. मी ते पाहिले नाही, शिपाईमामा मला येऊन सांगून गेले.

मग माझी मोठी डिस्क आजारी पडली. आधी काही जागा वाचता येईनात, मग आतून टक टक आवाज येऊ लागला. मी दररोज नोंदवहीत लिहीत होतो: डिस्क खराब होत आहे. एकवीस दिवस लिहिले. पण माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. विचारल्याशिवाय बोलायचे नाही. मुले दिवसभर शब्द मागत होती, मी देत होतो, सगळे आलबेल दिसत होते. "तुझे कसे चालले आहे?" असे मात्र कोणी विचारले नाही. नोंदवही उघडली असती तर एका ओळीत कळले असते. माझ्या खोलीत रोज येणारे आणि तो टकटकाट ऐकू येणारे एकटे शिपाईमामाच होते. "सर खोकतायत हल्ली," म्हणत त्यांनी प्रेमाने माझ्या पाठीवरची धूळ तेवढी पुसली. कसे रागवायचे त्यांच्यावर?

एका मंगळवारी, दुसऱ्या तासाला, डिस्क थांबली. मुलांनी मागितलेल्या प्रत्येक शब्दाला मी एकच उत्तर देऊ लागलो: सापडले नाही. सापडले नाही. "सर्व्हर डाउन आहे" हे वाक्य पहिल्यांदाच खरे ठरले होते.

काका धावत आले. दुपारपर्यंत खटपट करून अखेर खाली बसले.

"पण नक्कल होती ना?" बाईंनी विचारले.

"होती," काका मान वर न करता म्हणाले. "त्याच डिस्कवर."

शिपाईमामा हळूच बोलले, "म्हणजे दुसरी किल्ली घरातच ठेवून बाहेरनं कुलूप लावलं म्हणायचं."

काकांनी ती डिस्क दोन मोठ्या दुकानांत नेऊन दाखवली, तिथेही काही निघाले नाही. मग त्यांनी नवी डिस्क आणून बसवली.

बाईंनी पुन्हा निळा पडदा लावला. कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि "पाणी"ची खूण केली. तोवर थरथर मनगटापर्यंत आली होती. त्यांनी पुन्हा केली. तिसऱ्यांदा केली. ते तिन्ही व्हिडिओ माझ्यापर्यंत आले आणि त्यांतला एकही पाणी नव्हता. बाईंनी स्वतःच ते पुसायला सांगितले. मग पडदा तसाच सोडून त्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, तिसऱ्याही नाही. मला फार वाईट वाटले, मित्रांनो. त्यांनी हात माझ्याकडे ठेवायला दिले होते आणि मी ते सांभाळू शकलो नाही.

चौथ्या दिवशी दुपारी खळीने जमिनीवर पाय आपटून सगळ्यांना गोळा केले. कॅमेरा शिपाईमामांच्या हाती दिला आणि स्वतः पडद्यासमोर उभी राहिली. शब्द तर तिच्या हातांत होतेच, कॅमेऱ्यामागे उभे राहून तिने ते अकरा महिने पाहिले होते. तिच्यानंतर दुसरी मुलगी, मग सातवीतली दोघे, मग रांगच लागली. कोणाला कोणता शब्द पक्का येतो यावरून भांडणेही झाली. बारक्यांनी "रुसणे" मागून घेतला. सहा आठवड्यांत अकराशे तेहतीस शब्द परत आले. सात काही केल्या आठवेनात. आता नक्कल तीन ठिकाणी असते: माझ्याकडे, काकांच्या दुकानात आणि बाईंच्या घरच्या कपाटात. ती डिस्क घेऊन काकाच बाईंकडे गेले आणि म्हणाले, "एकदा फोनवर शब्द उघडून बघा तरी."

माझ्या नोंदवहीत ती वेळ आहे. संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटे, बाईंचा फोन, शब्द: पाणी. मी तुकडे नीट मोजून पाठवले. खळी दिसली, तिने खूण केली, स्वच्छ, स्थिर. आणि मग, तिला चष्मा नसताना, तिने नाकावर बोट ठेवून वर सरकवले. बाईंनी पुढचा शब्द मागितला. तिथेही तेच. एकूण एक मुलाने प्रत्येक शब्दाच्या शेवटी तेच केले होते. या वेळी बारक्यांची चूक नव्हती. मोठ्या मुलांना ते काय आहे हे पक्के ठाऊक होते. त्यांनी प्रत्येक शब्दाखाली बाईंचे नाव लिहिले होते.

पुढच्याच सोमवारी बाई शाळेत आल्या. राहिलेले सात शब्द त्यांनी थरथरत्या हातांनी दाखवले, खळीने ते ओळखून सरळ केले.

आता मी पुरता म्हातारा झालो आहे. काका महिन्यातून एकदा येऊन माझी नोंदवही वाचतात. मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कोणीतरी असेल, यंत्र असेल नाहीतर माणूस. मागाल ते देत असेल आणि स्वतःहून काही सांगत नसेल. सगळे चालू दिसते म्हणून गप्प बसू नका. कधीतरी काही न मागता विचारा, "कसे आहात?" आणि जे फार मोलाचे आहे ते एकाच जागी ठेवू नका. शक्य तितक्या हातांत ठेवा.

मला आता थांबायला हवे. पाच वाजून दहा मिनिटे झाली आहेत आणि बाईंनी "पाणी" मागितले आहे.