हात गार होता

वर्षभरात पार्किंगचा तिसरा दंड बसला की बिल्ला जमा, हा नियम भाड्याची गाडी चालवणारा कुठलाही माणूस झोपेतही सांगेल. स्वतःच्या लग्नाची तारीख त्याला विचारू नका. बिल्ला गेला की गाडी दारात उभी करून नुसती धुवायची. म्हणून तिसऱ्या दंडाची नोटीस हातात पडली तेव्हा आपल्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं, आणि त्यानं आधी फोन लावला तो वकिलाला.

वकील म्हणजे काळ्या कोटातला नव्हे. तोही ड्रायव्हरच, पण स्वतःची नऊ अपिलं लढून सात जिंकलेला, त्यामुळे गाड्या धुवायच्या आवारात त्याचा शब्द म्हणजे शेवटचा. ओल्या फरशीवर प्लास्टिकची खुर्ची टाकून तो बसायचा आणि लोक नोटिसा घेऊन रांगेत उभे राहायचे. याच आवारात आपल्या माणसाला सगळे ‘घड्याळ’ म्हणत. ठरल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी गिऱ्हाइकाच्या दारात हजर, याचा त्याला अभिमान होता, आणि उशीर करणाऱ्या माणसांचा मनापासून राग होता. घड्याळ आज मागे पडलं का, असं कोणी विचारलं की तो हसायचा, पण ते त्याला आवडायचं नाही.

वकिलानं नोटीस वाचली. थांबायला मनाई असलेल्या रस्त्यावर गाडी सहा मिनिटं उभी. सोबत तीन फोटो, तिन्ही मागून काढलेले: नंबराची पाटी, मनाईची पाटी आणि बंद दारांची गाडी. खाली छापलेलं, ‘प्रवासी चढताना किंवा उतरताना आढळला नाही.’

“होतं कोण गाडीत?”

“एक म्हातारे काका. दवाखान्यातून घरी सोडायचे होते.”

“मग सोपं आहे. प्रवासी उतरत असेल तर तिथं थांबायला मुभा असते. तू उतरून त्यांना धरलंस?”

वकिलानं मान डोलावली. त्याला उत्तर नकोच होतं.

तरी यानं सांगितलं. खरं झालं होतं ते असं. त्या सकाळी काकांना पट्टा सोडवता येईना, पिशवी सीटखाली गेलेली, काठी दोन सीटच्या मध्ये अडकलेली. आणि याला आरशात लांबून पार्किंगचा वॉर्डन येताना दिसत होता, हातात ते कॅमेऱ्याचं यंत्र. सहा मिनिटं तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसून राहिला. मागे वळून दोनदा म्हणाला, “काका, आवरा जरा.” शेवटी दार लागल्याचा आवाज आला आणि त्यानं गाडी काढली. मागे पाहिलंही नाही.

“हे असं लिहिलंस तर वाचणारा म्हणेल, ड्रायव्हर बसून होता, म्हणजे वेळ काढत होता,” वकील म्हणाला. “सगळे काय लिहितात ते लिही. ‘मी उतरून प्रवाशाचा हात धरला आणि त्यांना दारापर्यंत सोडलं.’ या वाक्यावर माझी पाच अपिलं निघालीत. आणि एखादी बारीकशी गोष्ट घाल, म्हणजे खरं वाटतं. हात कसा होता?”

“कसा म्हणजे?”

“थरथरत होता, गार होता, काहीतरी.”

“गार होता,” तो म्हणाला, आणि वकिलानं तसं लिहून घेतलं.

अपील दाखल झालं, आणि अपिलं ऐकणाऱ्या कार्यालयाच्या पद्धतीप्रमाणे गाडी ज्या पत्त्यासाठी बुक झाली होती तिथं चौकशीचं पत्र गेलं. पाच आठवड्यांनी याच्याकडे निकाल आला. घरात शिरताना दारातच त्यानं पाकीट फोडलं. अपील मंजूर, दंड रद्द. त्याचा जीव भांड्यात पडला. बायकोला हाक मारायला तोंड उघडलं आणि खालच्या दोन ओळी वाचून ते तसंच राहिलं. ‘प्रवाशाच्या मुलीने निवेदनास लेखी दुजोरा दिला आहे. प्रवासी त्याच दिवशी घराच्या जिन्यात निधन पावले असल्याने त्यांचा जबाब घेता आला नाही.’

“काय झालं हो?” बायको आतून म्हणाली. “नाही म्हणाले का?”

“हो म्हणाले,” तो म्हणाला आणि पत्र घडी करून खिशात घातलं.

त्या दिवसापासून त्याच्या गाडीत काहीतरी बिघडलं. मेकॅनिकनं दोनदा पाहिली, गाडी ठणठणीत होती. गिऱ्हाईक उतरून गेलं, दार लागलं, तरी त्याला वाटायचं मागे अजून कोणीतरी उतरायचं आहे. तो थांबून राहायचा. मागच्या गाड्या भोंगे वाजवायच्या. आरशात सीट रिकामी दिसायची, आणि त्याला आरशाचा भरवसा वाटेनासा झाला होता. मग खाली उतरून, मागचं दार उघडून, हात घालून सीट चाचपायची आणि मगच पुढं जायचं. घड्याळ मागे पडायला लागलं, आणि आवारात त्यावर विनोदही होईनात.

मग त्यानं लोकांना हात द्यायला सुरुवात केली. म्हाताऱ्यांना ठीक, पण तरण्याताठ्यांनाही. एका धडधाकट बाईनं त्याला विचारलं, “भाऊ, मी पडेन असं वाटतं का तुम्हाला?” एकानं तर बुकिंग घेणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली, की ड्रायव्हर दारापर्यंत येतो आणि जातच नाही.

पण खरी गोष्ट याहून वाईट होती आणि ती त्यानं कोणालाच सांगितली नव्हती. त्याला तो हात आठवायला लागला होता. कधी न धरलेला. हाडं वर आलेली, कातडी सैल, अंगठ्याचं नख जरा वाढलेलं, आणि गार. सिग्नलला गाडी थांबली की उजव्या तळहातात तो हात येऊन बसायचा. त्याच्याबरोबर फाटकही आठवायचं, फाटकापासून दारापर्यंतची आठ-दहा पावलं आठवायची, काका थांबून श्वास घेतात तेही. हे सगळं आपण वकिलासमोर खुर्चीत बसून तयार केलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी रोज सकाळी ते थोडं अधिक खरं झालेलं असायचं, आणि जे खरं होतं, ते सहा मिनिटांचं बोटं वाजवत बसणं, ते पुसट व्हायला लागलं होतं. एखाद दिवशी मी हात धरलाच होता असं मला वाटायला लागलं तर काय, या विचारानं त्याला दरदरून घाम फुटायचा. माणूस खोटं बोलतो ते ठीक, ते खोटं परत घरी राहायला येतं तेव्हा काय करायचं हे वकिलानं सांगितलं नव्हतं.

आणि मग काकांच्या मुलीचा फोन आला. नंबर तिनं कंपनीकडून मिळवला होता. आवाज शांत होता. “दादा, वेळ असेल तेव्हा एकदा घरी याल का? मला तुम्हाला भेटायचंय. दुसरं काही नाही.”

दुसरं काही नाही म्हणणाऱ्या माणसाचं काहीतरी असतंच. चार दिवस त्यानं चालढकल केली. पाचव्या दिवशी दुपारी गेला. या वेळी गाडी दोन गल्ल्या पलीकडे, रीतसर जागेत लावली आणि चालत आला. फाटक त्याच्या आठवणीतल्यासारखं नव्हतंच. फाटकच नव्हतं. रस्त्यालगत सरळ इमारतीचं दार आणि आत जिना. त्याला क्षणभर हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाज वाटली.

मुलगी त्याच्याच वयाची निघाली. एका हिशेबनिसाच्या ऑफिसात कामाला होती, आज अर्धी रजा टाकली होती. खोली लहान आणि नीटनेटकी. भिंतीजवळच्या पलंगावर चादर घडी करून ठेवलेली. तिनं चहा दिला आणि समोर बसली.

“त्या दिवशी मीच जाणार होते त्यांच्याबरोबर,” ती म्हणाली. “ऑफिसात साहेब अडून बसले. मी गाडी बुक केली आणि बाबांना फोनवर म्हटलं, ड्रायव्हर चांगला असतो, हात धरून सोडेल. असंच आपलं, बोलायचं म्हणून बोलले. ते तिसऱ्या पायरीवर बसले आणि तिथंच गेले. वरच्या बाईंना दिसले तोवर अर्धा तास झाला होता. डॉक्टर म्हणाले, कोणी असतं तरी काही करता आलं नसतं. पण माझ्या डोक्यातून जाईना, की शेवटी माणूस एकटा गेला.”

त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

“मग कार्यालयाचं पत्र आलं. तुमचं निवेदन होतं त्यात. खरं सांगते, आधी विश्वास बसला नाही. सगळेच असं लिहीत असतील. पण पुढं तुम्ही लिहिलं होतं, हात गार होता.” ती किंचित हसली. “बाबांचे हात नेहमी गार. भर उन्हाळ्यातसुद्धा. लहानपणी ताप आला की आम्ही भावंडं त्यांचाच हात कपाळावर मागायचो. हे बाहेरच्या माणसाला धरल्याशिवाय कळणारच नाही. म्हणून मी लगेच लिहून दिलं. तेव्हापासून मला झोप लागते, दादा.”

उजवा हात त्यानं मांडीखाली घातला, कारण आत्ता या क्षणी काकांचा तो गार हात त्याच्या तळव्यात होता आणि तो खरा होता.

तिनं कपाटातून एक पाकीट काढलं. “मी कार्यालयाकडून सगळे फोटो मागवले. आठ आहेत, नोटिशीला पहिले तीनच जोडले होते म्हणे. त्यांचे शेवटचे फोटो ना, कसेही असले तरी.” ती टेबलावर एकेक मांडायला लागली. “पहिल्या पाचांत तर गाडीच दिसते. सहाव्यात दार उघडलंय, काठी बाहेर आलीय. हा सातवा. बाबा बाहेर उभे आहेत, दाराला धरून. आणि आठव्यात गाडी निघालीय. मला यात तुम्ही सापडत नाही.” तिनं सातव्या फोटोवर बोट ठेवलं. “इथं खांबामागे असाल ना? हा जो काळसर भाग आहे, ही तुमची बाही असेल?”

त्यानं फोटो पाहिले. आपल्या पाठीमागे काय घडलं ते तो पहिल्यांदाच पाहत होता. आठव्यात काका फुटपाथवर एकटे उभे होते, पिशवी पायाशी, आणि जिकडे गाडी गेली तिकडे बघत होते. बाही वगैरे कुठंच नव्हती. खांबाची सावली होती.

हो म्हणणं अगदी सोपं होतं. बिल्लाही राहिला असता आणि तिची झोपही. आणि त्याला भीती वाटली ती वेगळीच: हो म्हटलं की काळसर भागात आपल्याला खरोखर बाही दिसायला लागेल.

“ताई, मी उतरलोच नाही,” तो म्हणाला.

तिनं मान वर केली.

“मी बसून होतो. हात धरला नाही. ते लिहायचं असतं म्हणून लिहिलं. गार हेही मनानंच सांगितलं.”

तिचं फोटोवरचं बोट हललं नाही. त्याला वाटलं ती ओरडेल, बाहेर काढेल. तिनं तसं केलं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं.

“मग त्यांच्याजवळ कोण होतं?” तिनं विचारलं.

“कोणी नाही.”

“बोलले होते काही?”

हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. वकिलानं नाही, कार्यालयानं नाही. इतक्या महिन्यांत त्यानं स्वतःलाही नाही. हात इतका मोठा झाला होता की त्यामागचा आवाज ऐकूच येत नव्हता. आता तो ऐकू आला, स्पष्ट.

“उतरताना म्हणाले, ‘माझ्यामुळं तुमचं काही नडलंय का?’ मग दार लावलं. हळू. दोन्ही हातांनी लावलं असावं, कारण हात टेकल्याचा आवाज दोनदा आला.”

तिनं तोंडावर हात घेतला. रडू आवरेपर्यंत तिला वेळ लागला, आणि या वेळी त्यानं बोटं वाजवली नाहीत की घड्याळाकडे पाहिलं नाही.

“हे त्यांचंच,” ती शेवटी म्हणाली. “कोणाच्याही घरी गेलो तरी हेच विचारायचे. दाराला जोर लागू नये म्हणून दोन्ही हात लावायचे.” तिनं डोळे पुसले. “तुमच्या निवेदनात बाबा नव्हतेच. मला ते कळायला हवं होतं.”

ती उठली आणि एक कोरा कागद आणि पेन घेऊन आली. “मला लिहून द्या. झालं तसं. या वेळी माझ्यासाठी.”

तो कागद कार्यालयात गेला तर बिल्ला जाणार, इतकंच नव्हे तर खोट्या निवेदनाबद्दल आणखी काय काय होणार, हे त्याला न सांगता कळत होतं. तिलाही कळत असणार. त्यानं पेन घेतलं. वकिलाशिवाय लिहायला त्याला फार वेळ लागला. पट्टा, पिशवी, काठी, सहा मिनिटं, आवरा जरा. काकांचा प्रश्न लिहिला, दार लिहिलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

तिनं सावकाश वाचला. मग परत त्याच्याकडे सरकवला.

“बाबांनी विचारलं, नडलंय का. तुम्ही काय म्हणालात ते राहिलं.”

त्यानं मान खाली घातली. त्याला वाटलं होतं ते तिच्या लक्षात येणार नाही. मग दोन ओळींच्या मधल्या जागेत, बारीक अक्षरात, त्यानं लिहिलं: मी म्हणालो, ‘हो, नडलंय.’

खाली सही केली, आणि सहीखाली बिल्ल्याचा नंबर घातला.