रेघेखालची सात घरं

मी एक जुना नकाशा आहे. दोन हात लांब, पातळ ट्रेसिंग पेपरचा आणि एका कोपऱ्यात चिकटवलेला. तो कोपरा कसा तुटला ते आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो. मित्रांनो, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

डेन्मार्कमधल्या वेस्टरलुंड गावच्या नगरपालिकेत १९८३ साली माझा जन्म झाला. महाग तेलाने पोळलेल्या सरकारने तेव्हा कायदाच केला होता. कुठल्या गल्लीतली घरं कशाने उबदार ठेवायची, हे प्रत्येक नगरपालिकेने ठरवून नकाशावर मांडायचं. वेस्टरलुंडमध्ये गरम पाण्याचं केंद्र होतं. तिथे तापलेलं पाणी जमिनीखालच्या नळांतून घरोघर फिरायचं. केंद्र गावकऱ्यांच्याच मालकीचं. माझ्यावर त्या भागाला लाल रंग मिळाला, गॅसच्या भागाला पिवळा. एका गल्लीत दोन प्रकारचे नळ घालून खड्डे दुप्पट करायचे नाहीत, इतका साधा हिशोब.

मला काढलं इंगेलिसे क्रोगने. चोवीस वर्षांची आरेखक, हात सोन्यासारखा. तिने आधी टोकदार पेन्सिलीने लाल भागाची हद्द आखली. मोसेवाय नावाच्या रस्त्याच्या टोकाला सात घरं होती. त्यांच्या परसामागच्या कुंपणावरून ती रेघ गेली, म्हणजे सातही घरं आत आली. पण त्याच शुक्रवारी सकाळी नगरपालिकेची सभा होती आणि रेघ लांबून दिसायला हवी होती. तिकडे कॉफी ओतून झालेली, पाव गरम, आणि सगळे तिला हाका मारत होते. कचेरीतला शुक्रवारचा हा नाश्ता इथे कुणी चुकवत नाही. तिने जाड लाल मार्कर उचलला आणि पेन्सिलीवरून सरळ ओढला. ती सात घरं रेघेखाली गेली. आत की बाहेर, कुणालाच कळेना.

सभेने मला मंजुरी दिली, अध्यक्षांची सही झाली. मग काचेच्या चौकटीत घालून मला दक्षिणेच्या खिडकीसमोर टांगलं. लोक यायचे, काचेवर बोट ठेवून आपलं घर शोधायचे. खोटं कशाला बोलू, मी तेव्हा फार मिजाशीत होतो.

घरांची यादी करणाऱ्या कारकुनाने एकदा इंगेलिसेला फोनवर विचारलं, मोसेवायची ती सात घरं आत की बाहेर? बघायचं तर दोन जिने उतरून माझ्यापर्यंत यावं लागलं असतं. ती म्हणाली, "बाहेर." सात घरांना पत्रं गेली, तिथे गॅस आला. एकानेही विचारलं नाही की समोरच्यांना गरम पाणी आणि आम्हालाच गॅस का. इथली माणसं स्वतःच्या डोळ्यांपेक्षा नगरपालिकेच्या पत्रावर जास्त विश्वास ठेवतात.

पुढे संगणक आला. कारकुनाच्या यादीवरून त्यात केसाएवढी बारीक हद्द उमटली. माझी चौकट पोहण्याच्या तलावाच्या फोटोला दिली गेली आणि मला गुंडाळून तळघरात टाकलं, नेमकं गरम पाण्याच्या नळाला टेकून. ज्या पाण्याची वाट मी आखली, त्यानेच मला तीस वर्षं वाळवलं.

मग एका वर्षी युद्ध पेटलं आणि गॅसचा भरवसाच उरला नाही. केंद्राने लाल भागात नवे नळ घालायला घेतले. चर खणत खणत मोसेवायपर्यंत आला आणि सात घरांच्या अलीकडे थांबला. सातव्या घरात गुनवोर डाल्सगोर राहायची, निवृत्त सुईण. तिचा गॅसचा बॉयलर शेवटच्या घटका मोजत होता. नवा घ्यावा तर गल्लीतला गॅसच बंद व्हायचा होता. गुरुवारी दुपारी बारापर्यंत हरकती आणि सूचनांची मुदत. त्यानंतर चर बुजणार, आणि पुन्हा नवा आराखडा, नवी मंजुरी. त्यात पाच हिवाळे सहज गेले असते.

नियोजन खात्यातला माल्टे ब्रून तिला म्हणाला होता, "हद्दीच्या आत असतीस तर केंद्राला तुला नाही म्हणताच आलं नसतं. बाहेर आहेस, तर मला हो म्हणता येत नाही. वाईट वाटतं गं, पण माझ्या वाटण्याने रेघ हलत नाही."

गुरुवारी सकाळी समुद्रात डुंबून झाल्यावर गुनवोरने हे मैत्रिणींना सांगितलं. त्या मैत्रिणींत इंगेलिसे होती. आपली पेन्सिलीची रेघ आठवून तिने डोकं पुसायचं थांबवलं. साडेनऊला दोघी ओल्या केसांनीच तळघरात हजर झाल्या, मागे माल्टे. अध्यक्षांची सही यादीवर नव्हती, माझ्यावर होती.

इंगेलिसेने माझं एक टोक उचललं आणि मी कडकन वाजलो.

"थांबा," ती म्हणाली. "हा पापडासारखा झालाय. ओढला तर चुरा होईल."

तिने दोघींचे दमट टॉवेल पसरले, मला त्यांवर ठेवलं आणि वरून पुठ्ठा झाकला. आता वाट बघणं आलं. दहा वाजले, साडेदहा वाजले. दर दहा मिनिटांनी ती मला दोन बोटं उलगडायची. गुनवोर जिन्यावर बसून घड्याळाकडे बघत होती. उभा जन्म तिने बायकांना धीर दिलेला, पण आता तीच दर मिनिटाला विचारत होती, झालं का?

सव्वाअकराला मोसेवाय दिसू लागला. खिडकीतल्या उन्हाने मार्कर उडून फिकट गुलाबी झाला होता, आणि त्याखाली पेन्सिलीची रेघ जशीच्या तशी होती. एक घर आत, दोन घरं आत. माल्टे वाकून मोजत होता. सहाव्या घरापाशी मला तडा गेला. मी सगळा जीव एकवटला, पण कागदाच्या हातात काय असतं? कोपरा तुटला आणि सातवं घर इंगेलिसेच्या तळहातावर पडलं.

 तिने तो तुकडा श्वास रोखून माझ्या कडेला लावला. पेन्सिलीची रेघ तड्याच्या अलीकडून पलीकडे सरळ गेली, कुंपणामागून, सातव्या घराला आत घेऊन.

"दिसतंय," माल्टे म्हणाला. "पण मग यादीत बाहेर कसं आलं? मला कारण लिहावं लागेल."

"लिही," इंगेलिसे म्हणाली. "इंगेलिसे क्रोगने न बघता सांगितलं. जिना उतरायचा कंटाळा केला."

"नाव नाही घातलं तरी चालेल."

"मला नाही चालणार. घाल."

गुनवोर तिच्याकडे वळली. "एकोणचाळीस वर्षं, अगं," एवढंच म्हणाली. इंगेलिसेने मान खाली घातली. बाराला सहा मिनिटं असताना गुनवोरच्या हरकतीवर आवक खिडकीत शिक्का पडला.

नळ सातही घरांत गेले. हिवाळ्यात गुनवोरने इंगेलिसेला जेवायला बोलावलं आणि तिची खुर्ची खोली तापवणाऱ्या रेडिएटरला लावून ठेवली, असं माल्टे कुणाला तरी सांगताना मी ऐकलं. मी आता सपाट खणात, थंड खोलीत असतो. सातवं घर पातळ कागदाने जोडलं आहे.

मित्रांनो, जुने कागद जपा, एवढं तर मी म्हणणारच. पण उद्या तुमच्या हातात मार्कर येईल, कुणी तुम्हाला फोनवर आत की बाहेर विचारेल. तेव्हा कॉफी निवू द्या. दोन जिने उतरा, आणि रेघेखाली कुणाचं घर आहे ते आधी बघून या.