वाटेकाठची बुटकी रोपं

रोपवाटिकेत वाटेच्या काठाचीच टोमॅटोची रोपं बुटकी राहतात, हे ध्यानात आलं तेव्हाच थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. बी एकाच पाकिटातलं, माती एकाच ढिगातली. मग आतली रोपं वीतभर आणि काठाची चार बोटं, हे कसं? थोरलीचा स्वभावच असा, की उचकी लागली तरी आठवण कोणी काढली याची चौकशी करेल. इथं तर नक्कीच पाणी मुरत होतं, आणि झाडांना पाणी घालायचं काम धाकट्या जावेकडं होतं.

धाकटी आल्यापासून रोपांत रमली होती. गिऱ्हाइकंही हल्ली तिलाच विचारायची. उद्या हीच इथली मालकीण होऊन बसेल, ही थोरलीची खरी भीती. म्हणून तिने डोळ्यांत तेल घालून पहारा सुरू केला. आतले ट्रे काठाला आणले, काठाचे आत नेले. पंधरा दिवसांत काठाला आणलेली रोपंही मागे पडली. म्हणजे दोष रोपांत नव्हता, तिथं कोणीतरी काहीतरी करत होतं.

"काय घालतेस पाण्यात?" तिने सरळच विचारलं.

"काही नाही, ताई. रोपांना रोज हात लागला की ती उंच होत नाहीत. वारा सुटल्यासारखं वाटतं त्यांना, मग ती खोड जाड करतात. बघा, कशी दणकट आहेत."

"रोपांना वाटतं म्हणे! आणि हात कोण लावतं?"

धाकटी खाली बघू लागली. "मीच. जाता-येता."

दोन्ही हातांत झाऱ्या घेऊन चालणारी ही बाई तिसरा हात कुठून आणते, ते थोरलीला कळेना. खोटं बोलतेय म्हणजे चोरी आहेच. "सोमवारपासून इथं पाऊल टाकायचं नाही," तिने सुनावलं. धाकटीने भरल्या डोळ्यांनी झाऱ्या खाली ठेवल्या.

रविवारी सकाळी पुरावाच हाती धरावा म्हणून थोरली खताच्या गोण्यांमागे उभी राहिली. आल्या त्या सासूबाई. रोज याच वेळी त्या मागच्या बाकावर ट्रेमध्ये माती भरायला जात. त्यांचा उजवा हात रोपांच्या शेंड्यांवरून सरकत होता. ट्रे संपला की त्या थांबत, पुढचा ट्रे चाचपत आणि मग पाऊल टाकत. वाटेत कोणीतरी ठेवलेल्या बादलीला त्या धडकल्या, तशी थोरली धावत पुढे आली.

"धाकटे, तूच ना?" सासूबाईंनी विचारलं. थोरली भर उन्हात त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

"थोरलीला कळू देऊ नकोस हं," त्या हळूच म्हणाल्या. "डोळे गेल्याचं कळलं तर ती मला घरात बसवेल. 'बोलणी मी खाईन' म्हणालीस, तेवढं निभाव बाई."

थोरलीने मान हलवली. हललेली मान यांना दिसणार नाही, हे उमगायला तिला एक क्षण लागला. तिने वाटेतली बादली उचलून बाजूला ठेवली.

"आई, मी थोरली," ती म्हणाली.

सासूबाईंनी रोपांवरचा हात झटकन पदराआड घेतला.