आतल्या गाठीची

बाईंनी वर्गात चिठ्ठ्या वाटल्या. ज्याला जो शब्द येईल त्याचा अर्थ काय आणि तो आला कुठून, ते घरी विचारून लिहायचं. माझ्या चिठ्ठीत निघालं, 'आतल्या गाठीचा'. म्हणजे मनातलं कुणाला कळू न देणारा. अख्खा वर्ग खो खो हसला, कारण माझ्या पोटात काही म्हणून राहत नाही.

घरी आले तर पुढच्या खोलीत मावशी एकटीच मशीनवर. आई आणि ती मिळून शिवणकाम करतात. मावशी म्हणाली, "पुस्तकातलं मला ठाऊक नाही बाई. पण आम्ही दोऱ्याची गाठ कापडाच्या आतल्या बाजूला मारतो, बाहेरून दिसू नये म्हणून. त्यावरून आलं असेल. नमुना हवा तर आत जा. तुझी आई पक्की आतल्या गाठीची!"

मी नाचतच आत गेले. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. कमरेवर हात ठेवून मी फौजदारी आवाजात म्हणाले, "तुझी आतली गाठ मला कळली! मावशीनं सगळं सांगितलंय. मुकाट्यानं कबूल कर!"

वाटलं, पाठीत धपाटा बसेल. तिच्या हातातली घडी सुटली. चेहरा पांढराफटक.

"तिला कसं कळलं?" ती पुटपुटली. "परवा माप घेताना हात लागला असणार." मग घाईघाईनं, "अगं, वाटाण्याएवढी तर आहे. दुखत नाही, खुपत नाही. महिना झाला फार तर." आणि तिचा हात काखेखाली, छातीच्या कडेला गेला.

माझं हसू तोंडावर तसंच राहिलं. ते काढायचं कसं, तेच कळेना.

"आई, मी शब्दाचं विचारत होते गं. शाळेतल्या."

तिनं माझं मनगट धरलं. "कुणाला बोलायचं नाही. मावशीला नाही, बाबांना तर नाहीच. माझी शपथ आहे तुला. जाईल आपोआप."

"आणि नाही गेली तर?"

ती घड्या घालायला लागली.

मी वही उघडून बसले. पेन हलेना. शपथ मोडली तर आईला काही होईल, आणि पाळली तरी होईल. पुढच्या खोलीत मावशी गुणगुणत होती. मला ओरडावंसं वाटत होतं. अर्धा तास कसाबसा काढला.

मग जाऊन मशीनचं चाकच हातानं धरलं. "मावशी, आईला गाठ आहे. खरीखुरी."

मावशीनं तोंडात धरलेल्या टाचण्या एकेक करून काढल्या. आत जाऊन एवढंच म्हणाली, "ताई, चप्पल घाल."

आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी दाराला टेकले. रस्ताभर मी मागून तिच्या टाचांकडे बघत चालत होते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला. "कधीपासून आहे?"

"एक महिना," आई म्हणाली. पेन चाललं. आई त्या पेनाकडे बघत राहिली. "नाही. थांबा. सात झाले."

"अगं बाई गं," मावशी म्हणाली, आणि खुर्चीत बसली.

सात महिन्यांपूर्वी मी वक्तृत्वात पहिली आले होते. ही पुढच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती. तेव्हाही होती ती गाठ?

डॉक्टरीणबाईंनी आकडा खोडून नवा लिहिला आणि पडद्यामागच्या खाटेकडे बोट दाखवलं. "बाकीच्यांनी बाहेर थांबा."

आई उठली. तिनं माझा हात धरला, दुखेल इतका घट्ट. "हिला येऊ द्या," ती म्हणाली. "हिच्यापासून आता काय लपवायचं."

मी पडदा बाजूला केला.