दहा मिनिटं कमी

कंपनीला अडीचशे तास उड्डाण केलेले वैमानिक हवे होते. माझ्या सावनीच्या लॉगबुकात दहा मिनिटं कमी होती. अर्जाचा शेवटचा दिवस, आणि वाऱ्यामुळे चेन्नईच्या मीनंबाक्कम विमानतळावर छोट्या विमानांची उड्डाणं बंद.

“दहा मिनिटं लिहून टाक की! सगळेच लिहितात म्हणे,” मी सांबारासाठी चिंच कोळत म्हटलं.

“आणि त्या वेळात मी कुठे होते?”

“वर. आकाशात.”

“आई, मी तुझ्यासमोर वांगी चिरतेय.”

तिने दोनशे एकोणपन्नास तास पन्नास मिनिटं असाच अर्ज पाठवला. नकार चार दिवसांत आला. गुरुवारी तिने उरलेली मिनिटं भरून काढली, तेव्हा शेजारच्या सीटवर मी होते. डोळे घट्ट मिटून, पण होते.