साठ दिवसांची मुदत

"अदिती, नोटीस घे. तीन पायऱ्या, रेलिंग नाही."

मागच्या दाराशी बाबा टेप घेऊन उकिडवे बसले होते. आई गेल्यावर ते सांता क्लाराला आमच्याकडे राहायला आले, त्याचा हा दुसराच दिवस.

"बाबा, तुम्ही रिटायर होऊन आठ वर्षं झाली."

"ते पायऱ्यांना कुठे माहीत आहे?"

बॅगेतून त्यांनी खात्याचा जुना फॉर्म काढला आणि रीतसर भरला. मुदत साठ दिवस, मग फेरतपासणी. "सासऱ्यांनी जावयाला नोटीस दिली, यार!" म्हणत सुमंतने तो फ्रीजवर लावला.

बाबा सिव्हिल इंजिनिअर. बरोबरीचे सगळे चिपच्या कंपन्यांत गेले आणि बाबा सरकारी तपासणी खात्यात. चाकांवर आणून ठेवलेल्या आणि मग कधीच न हललेल्या घरांच्या वसाहती, म्हणजे मोबाइल होम पार्क, हे त्यांचं काम. गॅसच्या नळ्या, विजेच्या पेट्या, पायऱ्या. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी म्हणायचंच, "शशिकांत काय, ट्रेलरच्या पायऱ्या मोजतो." बाबा हसून म्हणत, "तीनच असतात. लवकर मोजून होतात."

कॉलेजात असताना एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. डोलोरेस नावाच्या बाईंच्या दारातला कठडा त्यांनी दोन्ही हातांनी हलवला. मग पाठ फिरवली आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. लाकूड करकरलं. सगळं असं हलवून बघतात म्हणून पार्कात बाबांचं नाव 'मिस्टर शेक' पडलं होतं.

"मिस्टर शेक, पंधरा वर्षं उभा आहे तो!" बाई ओरडल्या. "तुम्हीच मोडाल!"

बाबांनी नोटीस लिहिली. गाडीत मी म्हटलं, "एकट्या राहतात त्या. जरा सोडून द्यायचं."

"नोटिशीचा राग दोन महिने टिकतो. मोडलेला खुबा जन्मभर."

मुदतीच्या दिवशी ते पुन्हा गेले, नव्या कठड्यावर तसेच रेलले आणि मगच सही केली.

माझे साठ दिवस मात्र कामाच्या रगाड्यात गेले. शेवटच्या रविवारी मी कठड्याचं सामान आणलं. आठ स्क्रू होते. चार बसले आणि ड्रिलची बॅटरी संपली. उरलेले संध्याकाळी बसवू म्हणून खिशात टाकले. कठडा सरळ उभा होता, दिसायला छान दिसत होता.

आवाज ऐकून बाबा आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात फ्रीजवरचा फॉर्म.

"झालं?"

थांबा म्हणायला हवं होतं. पण किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा उजळला होता. मला ती सही बघायची होती.

"बघा तर!" मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही हातांनी कठडा हलवला. चार स्क्रूंनी तेवढं सोसलं. मग त्यांनी पाठ फिरवली, माझ्याकडे बघून मान डोलावली आणि रेलले.

खाली सिमेंट होतं.

"निमित्त असतं गं," भेटायला आलेल्या काकू म्हणाल्या. सुमंतही तेच म्हणाला. मी मान हलवली. चार स्क्रू स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये आहेत, चमच्यांच्या मागे. ते कुणालाही दाखवलेले नाहीत. बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सुतार येऊन नवा कठडा लावून गेला. मी त्याला हात लावला नाही.

दोन आठवड्यांनी डोलोरेस आल्या. पार्कच्या मॅनेजरकडून त्यांना कळलं होतं. मला बेल ऐकू आली नसावी, म्हणून त्या बाजूने वळसा घालून मागच्या अंगणात आल्या. आता नव्वदीच्या, हातात फडक्यात बांधलेला डबा. मी दार उघडून पुढे झाले, तर त्यांनी हातानेच मला थांबवलं.

डबा खालच्या पायरीवर ठेवला. कठडा दोन्ही हातांनी धरून हलवला. मग सावकाश पाठ फिरवली.

मी दाराची चौकट घट्ट धरली.

त्या रेलल्या. पूर्ण भार टाकून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग डबा उचलून एकेक पायरी चढत वर आल्या.