गुलफाम गेला ती ईद

पौर्णिमाचा प्रबंध होता अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका बंद पडलेल्या डाळमिलीवर. ‘मिल का बुडाली’ हे त्यातलं मुख्य प्रकरण सोमवारी अमरावतीला सरांच्या टेबलावर पडायला हवं होतं. मालक नबीचाचांनी तीनही मुलाखतींत एकच पाढा वाचला होता: धाकटा भाऊ गुलफाम ऐन वेळी सोडून गेला, डाळ पारखणारा हात गेला, म्हणून निवडणीचं मशीन आणावं लागलं आणि त्या मशीननं मिल खाल्ली. गुलफामला वारून दोन वर्षं झालेली. त्याला कोण विचारणार?

मजकूर सादर करण्याआधी ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांच्या घरच्यांना वाचून दाखवायचा, असा नियम आहे. पुष्कळ शहाणे तो कागदावरच पाळतात. पौर्णिमा बापडी खरंच गेली. गल्लीपलीकडे राहणारी गुलफामची बायको नसीमबानो आणि मुलगी अमरीन ऐकायला बसल्या. ‘मिल बुडवणारा’ हा ठपका त्यांनी सात वर्षं मुकाट सोसला होता. आता तो छापील होणार होता.

“एप्रिल २०१८ मध्ये गुलफाम यांनी मिल सोडली. मे महिन्यात मशीन आले...”

“थांब बाई,” नसीमबानो म्हणाली. “एप्रिल कुठून आनला?”

“चाचा म्हणाले, ईदनंतर आठ दिवसांनी गेले. यंदा ईद मार्चअखेर होती, तर म्हटलं...”

“ईद दरसाल दहा-अकरा दिवस मांगं सरकते. त्या साली मिरगात आली होती. मशीनचं खोकं आंगनात पडलं होतं, त्याच्यावर चादर टाकून मी शेवया वाळवल्या. हे सांगून राहिले होते, एवढ्या मशीनले पुरन इतकी तूर आपल्यापाशी येत नाही. कोनी आयकलं नाही, तवा गेले.”

पौर्णिमानं फोनवर २०१८ च्या ईदची तारीख पाहिली. सोळा जून. मशीनचं बिल मे महिन्याचं, ते पक्कं होतं. म्हणजे गुलफाम गेला म्हणून मशीन आलं नव्हतं. मशीन आलं म्हणून तो गेला होता. तिच्या एका आळसानं मेलेल्या माणसावर कायमचा शिक्का बसणार होता, आणि याची तिला मनापासून लाज वाटली. सोमवार गेला खड्ड्यात, म्हणत ती तडक नबीचाचांकडे गेली. मागोमाग अमरीनही आली.

तिनं मशीनचं बिल आणि ईदची तारीख चाचांसमोर ठेवली.

“मशीन पयलेच आलं होतं,” ते म्हणाले. “मीच आनलं. लोकाइले सांगून सांगून मलेच आपलं खरं वाटाले लागलं.”

“मग तसंच लिहू?”

“लिवा.”

अमरीन दारातच उभी होती.

“पाच वर्सं अब्बा मशिदीत तुमच्या मांगच्या रांगेत उभे राहत होते, बडे अब्बा,” ती म्हणाली. “एक डाव तं वळून त्याइले सांगाचं होतं.”